डभोईचे बैल आणि भाच्याचा ट्रक

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, माझी ताई, भाचा आणि त्याची चौदा वर्षांची मुलगी बडोद्याला आले होते. भावोजी जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून ताई टेक्सासात भाच्याकडेच असते. घरात माणसं आली की दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराला जाग येते. सकाळी सेव-उसळ, दुपारी गप्पा, रात्री पत्ते असं चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी भाच्यानं मोबाईलवर एक फोटो दाखवला. चाकांवरचं घरच ते. स्वयंपाकघर, न्हाणीघर, दोन खोल्या, कडेला बाहेर सरकणाऱ्या भिंती. लांबी चौतीस फूट.

"मामा, हा घ्यायचाय. आईला हॉटेलातलं खाणं सोसत नाही, गुडघ्यांमुळे रोज नवा जिना चढवत नाही. यात तिची खाट, तिचा ओटा, तिचे देव. उन्हाळ्यात ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, सगळं दाखवीन म्हणतो. बाबांना दाखवायचं राहून गेलं."

शेवटचं वाक्य तो जरा हळू बोलला. मी विचारलं, "आणि हे घर ओढणार कोण?"

"आहे की माझा पिकअप. विक्रेता म्हणाला, आरामात ओढेल. बयाणा देऊन आलोय."

मी चाळीस वर्षं कारखान्यांच्या मालवाहतुकीच्या कामात काढली. बडोद्याच्या आसपास ट्रान्सफॉर्मरचे मोठे कारखाने आहेत. त्यांचा माल कित्येक चाकांच्या ट्रेलरवरून मुंगीच्या पावलांनी बाहेर पडतो. त्यामुळे 'आरामात ओढेल' हे शब्द ऐकले की माझे कान टवकारतात. पण पाहुण्याला पहिल्याच तोंडी नाही कशाला म्हणा? मी म्हटलं, "उद्या डभोईला जाऊन येऊ. तुझ्या पिकअपच्या पणजोबांची गोष्ट तिथं आहे."

डभोई बडोद्याहून तीसेक किलोमीटर. वाटेत प्रतापनगर लागतं. जुनं नाव गोयागेट. गायकवाडांच्या रेल्वेचा कारभार इथून चाले, आणि १९१९ मध्ये सयाजीराव महाराजांनी इथल्या इंजिनांच्या कारखान्याची पायाभरणी केली. आज तिथं रेल्वेच्या वारशाचं छोटं संग्रहालय आहे. छोट्या गाडीचं इंजिन पाहून नात म्हणाली, "हे तर खेळण्यातलं वाटतं." मी म्हटलं, "हे नंतरचं. पहिली गाडी ओढणाऱ्यांना चार पाय आणि दोन शिंगं होती."

डभोई हे नाव मराठी माणसानं इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं असतं. १७३१ मध्ये इथंच बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची लढाई झाली आणि दाभाडे पडले. पुढे गुजरातेत गायकवाडांचा जम बसला, आणि त्यांच्या मागून आपली मराठी घरं बडोद्याला आली. गावाच्या जुन्या तटाची हिरा भागोळ पाहून, तिच्या कोरीव दगडांवरून हात फिरवून आम्ही स्टेशनात गेलो.

आता तिथं रुंद रूळ आहेत. जानेवारी २०२१ पासून याच मार्गानं गाड्या सरदार पटेलांच्या पुतळ्याकडे, केवडियाला जातात. पण एके काळी डभोई हे छोट्या रेल्वेचं मोठं जंक्शन होतं, आणि त्याची सुरुवात खंडेराव महाराजांनी केली. १८६१ मध्ये बी.बी.सी.आय. कंपनीची मोठी लाईन बडोद्याला पोचली. मियागाम हे त्याच लाईनवरचं. डभोईचा मुलूख कापसाचा. तो माल मोठ्या लाईनपर्यंत न्यायचा कसा? १८६२ मध्ये खंडेरावांनी डभोई ते मियागाम अडीच फुटी रूळ टाकले. देशातली ही पहिली छोटी रेल्वे. आणि डबे ओढायला जुंपले बैल.

"इंजिनं नव्हती तेव्हा?" नातीनं विचारलं.

"होती ना. १८६३ मध्ये ग्लासगोच्या नीलसन कंपनीचं इंजिन आणून पाहिलं. ताकदीत ते बैलांच्या कितीतरी पुढे. पण रूळ होते यार्डाला तेरा पौंडांचे, म्हणजे मीटरला साडेसहा किलो. आज मोठ्या लाईनीवर मीटरला साठ किलोचे रूळ असतात. त्या काडीसारख्या रुळांना इंजिनाचं वजन पेलवेना. मग पुन्हा बैल. १८७३ मध्ये जड रूळ टाकले, तेव्हा कुठे इंजिनं नियमित धावू लागली."

भाचा हसला. "म्हणजे ओढायला ताकद होती, पण ज्याच्यावर उभं राहायचं ते कच्चं होतं."

"हेच तुझ्या पिकअपला विचारायचंय," मी म्हटलं.

परतताना कपुराई चौकडीला चहाला थांबलो. तिथं महामार्गाच्या कडेला ट्रेलरांची रांग असते. एका राजस्थानी ड्रायव्हरचा घोडा ट्रेलरपासून सुटा उभा होता. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला आपल्याकडे घोडाच म्हणतात. नातीनं विचारलं म्हणून त्या भल्या माणसानं सगळं दाखवलं. घोड्याच्या पाठीवर वंगणानं माखलेली जाड लोखंडी थाळी, तिला मागून खाच. ट्रेलरच्या पोटाखाली खाली आलेली एक पोलादी पिन. घोडा मागे घेतला की पिन खाचेत शिरते आणि आतले जबडे तिला धरतात. हेच ते 'फिफ्थ व्हील'.

"चाक तर कुठं दिसत नाही," नात म्हणाली.

नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. चारचाकी बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं चक्र बसवत. चार चाकं रस्त्यावरची, हे पाचवं. बग्ग्या गेल्या, नाव राहिलं.

ड्रायव्हरनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. जोडल्यावर लगेच ट्रेलरचे पाय वर घ्यायचे नाहीत. आधी ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवून घोडा हलकेच पुढे ओढून बघायचा. सुटला तर तिथंच कळेल. मग बॅटरी घेऊन खाली वाकायचं आणि जबडे पिनेभोवती मिटलेत का, थाळी आणि ट्रेलर यांत फट नाही ना, हे डोळ्यांनी पाहायचं. "आवाज आला म्हणजे लागलं, असं समजणारे रस्त्यात ट्रेलर टाकून येतात," तो म्हणाला. भाच्यानं हे वहीत लिहून घेतलं.

त्या रात्री जेवणानंतर टेबलावर हिशेब मांडला. भाच्याच्या पिकअपच्या माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता बारा हजार पौंडांहून जास्त लिहिलेली. ट्रेलर सामानासकट बारा हजार पौंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच टन. विक्रेत्यानं एवढंच पाहिलं होतं. मी म्हटलं, "आता दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या कागदाचा फोटो मागव." सूनबाईंनी टेक्सासातून तो लगेच पाठवला. त्यावर लिहिलेलं होतं, माणसं आणि सामान मिळून १७०० पौंडांच्या वर नको. किलोत पावणेआठशे.

"पण मामा, ट्रेलर तर मागे आहे. तो गाडीत कुठे बसतो?"

उत्तर माझ्याआधी ताईनं दिलं. आमचं आजोळ खानदेशात, अमळनेरजवळ. लहानपणी आम्ही कापसाच्या गाडीवर बसून जायचो. ती म्हणाली, "अरे, बैलगाडीचं सगळं वजन कधी चाकांवर असतं का? थोडं बैलांच्या मानेवर यावंच लागतं. एकदा गड्यानं मागेच माल भरला, तर गाडी उलाळ झाली, जू वर उचललं आणि बैलांचे गळे आवळले. आजोबांनी त्याला असा झापला! पण सगळा माल पुढे भरला तर बैल गुडघे टेकतील. माप पाहिजे."

बस, यातच सगळं आलं. अशा ट्रेलरच्या वजनाचा साधारण पंधरा ते पंचवीस टक्के भार पिनेतून थेट ट्रकवर येतो. कमी झाला तर ट्रेलर मागे डोलायला लागतो. बारा हजारांचे वीस टक्के धरले तर २४०० पौंड. जोडणीच्या सांगाड्याचे १५०, चार माणसांचे ६००, अवजारं आणि किडुकमिडुक १५०. बेरीज ३३००. ट्रकाला झेपणारे १७००. जवळजवळ दुप्पट.

भाचा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. "आणि मी आईला घेऊन डोंगर उतरणार होतो."

कुणीच काही बोललं नाही. मग तोच म्हणाला, "बयाणा गेला तरी चालेल. पण फिरायला तर न्यायचंच आहे."

पुढचे दोन दिवस आम्ही दुसरा ट्रक शोधला, म्हणजे तो शोधत होता आणि मी शंका काढत होतो. तुमच्यापैकी कुणाच्या मनात असं फिरतं घर असेल, तर त्यातलं कामाचं इथं देतो.

पहिली गोष्ट, ट्रेलरचं कोरं वजन धरू नका. पाणी, गॅस, बॅटऱ्या, कपडे, डाळ-तांदूळ भरल्यावरचं धरा. पाण्याच्या एका गॅलनचेच आठ पौंडांहून जास्त होतात. समोरच्या कप्प्यात सामान भरलं की पिनेवरचा भार आणखी वाढतो.

दुसरी, प्रत्येक ट्रकाचा पिवळा कागद वेगळा. एकाच नावाचे दोन ट्रक शेजारी उभे असतील, तरी इंजिन, चारचाकी ओढ, भारी बैठकी यांमुळे झेपणारं वजन बदलतं. डिझेल इंजिन ओढतं जोरात, पण स्वतःही जड असतं, म्हणून मधल्या आकाराच्या ट्रकात फसगत होते. आम्ही शेवटी 'एक टनी' म्हणतात त्या वर्गात, मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेल्या ट्रकावर आलो. त्याला झेपणारं वजन पाच हजार पौंडांच्या आसपास. आमचे ३३०० त्यात मावतात आणि वर थोडी गुंजाईश राहते. मालवाहतुकीत मी एवढं शिकलो, की शेवटच्या किलोपर्यंत भरलेली गाडी कागदावर पास होते, घाटात होत नाही.

तिसरी, मागच्या हौद्याची लांबी. जोडणी मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसते. हौदा आखूड असेल तर तीव्र वळणावर ट्रेलरचा कोपरा ट्रकच्या मागच्या काचेवर येऊ शकतो. आखूड हौद्यासाठी मागे सरकणारी जोडणी मिळते. आठ फुटी हौदा घेतला की ती कटकट बहुधा उरत नाही. जोडणी नुसत्या पत्र्याला नव्हे, ट्रकच्या सांगाड्याला बोल्टनं धरलेली हवी. आणि थाळी पुढे-मागे तशी डावी-उजवीकडेही झुकणारी घ्यावी, म्हणजे उंचसखल जागी जोडताना पिनेशी झटापट होत नाही.

चौथी, थांबणं. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. ते ट्रकमधून चालवणारं यंत्र नीट जुळवून घ्यायचं. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी तार आणि तिची बॅटरी दर प्रवासाआधी तपासायची. उतारावर धुराड्यातल्या वाफाऱ्यानं इंजिनच गाडी रोखतं, अशी सोय डिझेल ट्रकात असते. ती असलेला ट्रक बघा.

आणि शेवटची, पहिल्या सहलीआधी सगळं भरून, सगळी माणसं बसवून वजनकाट्यावर जा. आधी जोडलेलं, मग नुसता ट्रक. कागदावरचे अंदाज तिथं खरे-खोटे ठरतात.

भाच्यानं परत जाऊन जुना पिकअप विकला, वापरलेला एक टनी घेतला आणि विक्रेत्याशी बोलून बयाणाही वाचवला. काट्यावर पिनेचा भार २५५० पौंड भरला, आमच्या अंदाजापेक्षा दीडशेनं जास्त. त्यानं फोटो पाठवला, खाली लिहिलं, "मामा, गुंजाईश कामी आली."

जूनमध्ये ताईचा फोन आला. कुठल्याशा डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम होता, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. म्हणाली, "ट्रक भारी उंच आहे रे, चढायला मला स्टूल लागतं. पण एक सांगू? आधीच्या गाडीत उतार आला की पोरगा गप्प व्हायचा, दोन्ही हातांनी चाक धरायचा. आज अख्खा घाट उतरला आणि सारा वेळ माझ्याशी बोलत होता. तुझ्या भावोजींच्या गोष्टी काढल्या त्यानं."

मग तिला आठवलं, वरण लागेल. फोन तिनं घाईनं ठेवला.