उन्हातली पाटी

आमच्या घरात टॅब्लेट म्हणजे गोळी. सकाळची रक्तदाबाची, रात्रीची झोपेची, आणि आईच्या बटव्यातली कोणत्याही दुखण्यावर चालणारी. गेल्या मे महिन्यात मी अमेरिकेत धाकट्या भावाकडे गेले होते. तेथून फोनवर आईला म्हटले, "रविवारी आम्ही गोळीबाराच्या मैदानावर जाणार आहोत, तिथे टॅब्लेट निवडायच्या आहेत." आई शांतपणे म्हणाली, "जेवणाआधीच्या की जेवणानंतरच्या?"

या टॅब्लेट म्हणजे अर्थात हातात धरायच्या काचेच्या पाट्या. माझा भाऊ ॲरिझोना राज्यात, फीनिक्स शहराजवळ राहतो. पेशाने इंजिनिअर. पाच-सहा वर्षांपूर्वी तो तेथल्या एका हौशी नेमबाजांच्या क्लबाचा सभासद झाला, आणि आपल्या लोकांचे जे सर्वत्र होते तेच त्याचेही झाले: त्याला कमिटीवर घेतले. बंदुकीविषयी माझे मत त्याला ठाऊक आहे आणि त्याचे मला. तो विषय जेवणाच्या टेबलावर आणायचा नाही, असा आमचा जुना तह आहे. पण क्लबाच्या गुण नोंदवायच्या टॅब्लेट मोडकळीला आल्या होत्या, नव्या घेण्यासाठी तिघांची समिती नेमली होती आणि भाऊ तिच्यात होता. उत्तरपत्रिका तपासण्यात ज्या बाईची वीस वर्षे गेली, तिला गुण कोण कसे देतो याची उत्सुकता नसेल तर दुसऱ्या कोणाला असणार?

आपल्याकडे नेमबाजी म्हटली की कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्निल कुसाळे आठवतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स रायफलमध्ये ४५१.४ गुण मिळवून त्याने कांस्यपदक आणले. तेथे गोळी कोठे लागली हे लक्ष्यच मोजते आणि दशांशापर्यंतचा आकडा त्याच क्षणी पडद्यावर उमटतो. माणसाने मध्ये बोलायचे कारण नसते. भावाचा खेळ निराळा. त्याला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. १९७६ साली मिसूरी राज्यातल्या कोलंबिया गावी या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९८४ साली अमेरिकेतली. अचूकपणा, जोर आणि वेग अशा अर्थाचे तीन लॅटिन शब्द हे तिचे ब्रीद. मैदानात मातीचे उंच बांध घालून वाफे केलेले असतात. प्रत्येक वाफ्यात खाकी रंगाच्या पुठ्ठ्याची लक्ष्ये निरनिराळ्या अंतरांवर, काही आडोशामागे. नेमबाजाने इकडून तिकडे धावत एकेका लक्ष्यावर बहुधा दोन-दोन गोळ्या झाडायच्या. हातातले घड्याळ पीं करते तेथे वेळ सुरू. तेच घड्याळ कान देऊन प्रत्येक बार ऐकते आणि शेवटचा बार सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत टिपते.

मग गुण. पुठ्ठ्यावर मधला भाग ए, त्याभोवतीचा सी, कडेचा डी. साध्या ताकदीच्या काडतुसाला अनुक्रमे ५, ३ आणि १ गुण. नेम चुकला तर उणे १०. एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे आणि जो भागाकार येईल त्यावर क्रम ठरवायचा. समजा आठ लक्ष्ये, सोळा गोळ्या. एकाने १२.५० सेकंदांत ७६ गुण मिळवले, त्याचा भागाकार ६.०८. दुसऱ्याने १० सेकंदांत ६६ मिळवले, त्याचा ६.६०. म्हणजे अधिक अचूक माणूस हरला. आमच्या परीक्षांत ही पद्धत आणली तर पहिल्या अर्ध्या तासात पेपर देऊन पळणारी मुले गुणवत्ता यादीत येतील! पण खेळाच्या दृष्टीने तिच्यात न्याय आहे, आणि त्या न्यायासाठी वेळेचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत बरोबर लागतो.

पंच पुठ्ठ्यापुढे जाऊन पुकारतो, "दोन अल्फा." "एक अल्फा, एक चार्ली." नुसते ए, सी, डी म्हणत नाहीत, कारण सी आणि डी कानाला सारखेच लागतात, आणि तेथे प्रत्येकाच्या कानांवर जाड टोप्या असतात. आपण फोनवर 'ग गणपतीचा' म्हणतो, तसेच ते. नेम चुकला तर 'माइक'. मागून येणारा नोंदणीस ते पाटीवर बोटाने टिपत जातो. आणि मग जे होते त्याने मी जागच्या जागी थबकले. लोक पुढे होतात आणि खाकी कागदाचे चिकट तुकडे लावून सगळी भोके बुजवून टाकतात. पुढच्या नेमबाजाला पुठ्ठा कोरा हवा ना! म्हणजे दोन मिनिटांत पुरावा नाहीसा. उत्तरपत्रिका तपासून लगेच जाळून टाकावी आणि फक्त गुण ठेवावेत, तसे. त्या माणसाने तेथे काय केले याचा दाखला एवढाच, की पाटीवर कोणी काय टिपले.

पूर्वी हे काम कागदावर होई. एक प्रत नेमबाजाला, एक क्लबाला. संध्याकाळी कोणीतरी सगळे कागद घेऊन बसे, घाम आणि धूळ लागलेले आकडे लावी, आणि निकाल पुढे केव्हातरी. नंतर प्रॅक्टिस्कोअर नावाचा कार्यक्रम आला. तो टॅब्लेटवर चालतो, भागाकार स्वतः करतो, आणि मैदानावर इंटरनेट नसले तरी बॅटरीवरच्या छोट्या राउटरमधून सगळ्या पाट्या एका मुख्य पाटीशी बोलतात. शेवटी नेमबाजाने आपले गुण पडद्यावर पाहून मान्य असल्याची खूण करायची. निकाल घरी पोचायच्या आत लागतो.

भावाच्या क्लबाकडे सुरुवातीपासून होत्या त्या नूक नावाच्या, पुस्तके वाचण्यासाठी २०११ साली निघालेल्या सहा इंची पाट्या. मूळ काम कादंबऱ्या दाखवण्याचे. जाणत्या मुलांनी त्यांची कुलुपे काढून त्यांना गुणलेखनाला लावले. त्यांचा पडदा ई-इंकचा. तो स्वतः उजेड देत नाही; छापील कागदासारखा बाहेरचाच उजेड परत पाठवतो. म्हणून ऊन जितके कडक तितका तो स्पष्ट. बोट ओळखण्याची रीतही जुनी, पडद्यावरून जाणाऱ्या अदृश्य किरणांची; हातमोजा चालतो, पेन्सिलीचे टोक चालते, आणि माशी बसली तर तीही गुण देऊ शकते! पण त्या आता दुकानांत येत नाहीत, आणि जवळच्यांच्या बॅटऱ्या दुपारपर्यंत दम टाकू लागल्या होत्या.

शनिवारी रात्री भावाने पाच नव्या टॅब्लेट जेवणाच्या टेबलावर मांडल्या. काही विकत आणलेल्या, काही मित्रांच्या मागून आणलेल्या. पाचही देखण्या. दुकानातल्या दिव्याखाली साडी निवडावी आणि घरी दारात येऊन पाहावी, हे आपल्याकडच्या कोणत्याही बाईला सांगावे लागत नाही. इंजिनिअरांना सांगावे लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सामना सुरू झाला. साडेनऊपर्यंत ऊन असे चढले की विदर्भाची आठवण व्हावी. (२०२३ साली या शहराने सलग ३१ दिवस ४३ अंशांच्या वरचे ऊन सोसले आहे.) पाचांपैकी दोन पाट्या उन्हात आरसे झाल्या. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे घरात डोळ्यांना सुखावत होती. येथे त्यांत मला माझी टोपी दिसली. पांढऱ्यावर काळी केली तेव्हा जरा निभाव लागला. तिसरी पाटी उभी धरली तर ठीक, आडवी केली की पडदा काळाठिक्कर. भावाने दुरुस्तीचे सगळे उपाय केल्यावर कोणीतरी त्याचा गॉगल उतरवला, आणि पडदा पुन्हा जिवंत. चकाकी अडवणाऱ्या पोलराइज्ड काचा आणि या पडद्यांचा उजेड एकमेकांना आडवे गेले की हेच होते. गॉगल काढूनही भागत नाही, कारण मैदानात डोळ्यांवर काच हवीच. चौथी होती आयपॅड. तिच्या कंपनीनेच ३५ अंशांपर्यंतची हवा तिला मानवते असे लिहून ठेवले आहे. खुर्चीवर उन्हात पंधरा मिनिटे राहिली आणि 'तापले आहे, थंड होऊ द्या' असा निरोप लिहून ती रुसून बसली. पाचवी जाडजूड, रबरी कडांची, कारखान्यांत आणि गोदामांत वापरण्यासाठी केलेली, बॅटरी काढून दुसरी घालता येणारी. ती टिकली. किंमत मात्र साध्या सात इंचीच्या कित्येक पटींनी अधिक.

खजिनदाराने तिथेच आकडेमोड केली. दहा वाफे, प्रत्येकी एक म्हणजे दहा पाट्या. स्वस्तातल्या सात इंची शंभर डॉलरांच्या आत येतात. त्या घ्याव्यात, वर पुठ्ठ्याची झडप करावी आणि मोकळे व्हावे. म्हणणे व्यवहाराचे होते. क्लबाचा पैसा सभासदांच्या वर्गणीचा.

पण तेथे एक म्हातारा नोंदणीस होता. सत्तरी ओलांडलेला, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. कागदाच्या दिवसांपासून तो गुण लिहीत आला होता. एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, दुसऱ्याची व्हायची होती. नूकच्या पडद्यावर त्याचे छान चाले. सात इंची चकचकीत पाटी त्याने उन्हात हातात घेतली, पुढे-मागे केली, पुठ्ठ्याची झडप लावून पाहिली, आणि काही न बोलता परत दिली. त्या परत देण्याचा अर्थ सगळ्यांना कळला. खजिनदार हळूच म्हणाला, तरुण मुले पुष्कळ आहेत, नोंदीला कोणीही उभे राहील. हे वाक्य मी आपल्याकडे ग्रंथालयांत, बँकांत, पोस्टाच्या खिडकीशी ऐकले आहे. नवे यंत्र येते तेव्हा ते नुसत्या जुन्या यंत्राची जागा घेत नाही.

सावलीत बसून मी त्या गृहस्थांशी बोलले. मी म्हटले, आमच्याकडेही आता उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायची पद्धत आली आहे. त्यांनी विचारले, "तुम्ही गुण लिहिता तेव्हा मुलगा शेजारी असतो?" नसतो, म्हटले. तो आपल्या गावी असतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्याला आकडा कळतो. शंका असेल तर फी भरून अर्ज करायचा. त्यांनी मान हलवली. "इथे तो शेजारी असतो. माझ्याला दिसले की नाही हा प्रश्न अर्धाच आहे. त्याला दिसले पाहिजे. तो घामाघूम झालेला असतो, हात थरथरत असतात, गडद चष्मा असतो. न दिसता त्याने 'मान्य' म्हटले, तर मग मी काय लिहिले?"

हेच त्यांनी दुपारी समितीला करून दाखवले. भर उन्हात एकेक पाटी नुकत्याच बार संपवलेल्या नेमबाजापुढे धरायची, ती कलती करायची नाही, आणि एवढेच म्हणायचे: तुझा वेळ वाच. स्वस्त पाटीवर तिघांपैकी दोघांनी '१२.५६' चे '१२.८६' वाचले आणि निमूट मान्यही करून टाकले! जाड पाटीवर तिघांनीही बरोबर वाचले. खजिनदार वाईट माणूस नव्हता. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पण दहा परवडणार नाहीत."

तोड भावाने काढली, आणि मला त्याचा अभिमान वाटला हे येथे लिहायला हरकत नाही. पाटी वाफ्यापाशी कशाला ठेवायची? नेमबाजांच्या तुकड्या पाच असतात आणि त्या वाफ्यावाफ्यांतून फिरतात. पाटी तुकडीबरोबर फिरवा, पाच पुरतील. एक बिघडली तर पंचाईत नको म्हणून प्रत्येक वाफ्यानंतर मुख्य पाटीशी जुळवून घ्यायचे, आणि प्रत्येक तुकडीच्या पेटीत कागद-पेन्सिल ठेवायचीच. म्हाताऱ्याने पेन्सिलीच्या कलमाला लगेच अनुमोदन दिले.

माझ्या भावजयीचे मात्र यात एक स्वतंत्र कलम होते. नेमबाजांच्या बोटांना शिशाचा अंश लागतो आणि तो पाटीवर उतरतो. म्हणून मैदानावर जाऊन आलेली टॅब्लेट गॅरेजच्या पुढे घरात यायची नाही, आणि तिला शिवलेल्याने आधी साबण लावून हात धुवायचे. माझ्या आजीचे सोवळे इतके कडक होते की नाही, मला शंका आहे.

नव्या पाट्या जूनच्या पहिल्या रविवारी मैदानावर आल्या. तिसऱ्या तुकडीची त्या निवृत्त मास्तरांकडे होती. त्यांनी अक्षरे होतील तितकी मोठी करून घेतली होती आणि पाटीला दोरी बांधून ती गळ्यात अडकवली होती. एक विशीतली मुलगी बार संपवून धापा टाकत आली. मास्तरांनी पाटी तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, "वाच." तिने कपाळावरचा घाम पुसला, आकडा मोठ्याने वाचला, मग जरा थांबून म्हणाली, "चौथ्या पुठ्ठ्यावर दोन अल्फा लिहिलेत. एक चार्ली होता." पंच मागे वळला. चिकट कागद हातात घेऊन पुढे झालेली माणसे थांबली, आणि सगळेजण पुन्हा त्या पुठ्ठ्याकडे गेले.