आमची दुर्बीण वांगणीला जाते

दुर्बीण बाजारात विकत मिळते, हे मलाही ठाऊक आहे. तरीही आठ इंची आरसा घरीच घासायचा असे मी जाहीर केले, तेव्हा सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "कुठे घासणार?" दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात त्याला एकच उत्तर होते. गॅलरीत!

काचेवर काच ठेवायची, मध्ये कार्बोरंडमची पूड नि पाणी घालायचे आणि पिंपाभोवती फिरत घासत राहायचे. वरची काच खोलगट होत जाते, खालची फुगीर. पूड उत्तरोत्तर बारीक घ्यायची. मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर अखेरची चूक त्यातल्या एका भागाच्या आत राहावी लागते. आणि ती पकडायची दाढीच्या पात्याने! ही फुको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाची एकोणिसाव्या शतकातली युक्ती. अकरा महिने आमचे धुणे स्वयंपाकघरात वाळले.

बैठक त्यामानाने सोपी. जॉन डॉब्सन हे अमेरिकेत 1944 ते 1967 रामकृष्ण संप्रदायाचे संन्यासी होते. साध्या लाकडी पेटीत दुर्बीण झुलती ठेवायची रीत त्यांची, आणि ती फुटपाथवर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायची हौसही त्यांचीच.

बदलापूरच्या पुढे वांगणीला हौशी मंडळी रात्रभर आकाश पाहायला जमतात. डिसेंबरातल्या अमावास्येच्या सुमारास आम्ही उभयता लोकलच्या लगेजच्या डब्यात चढलो. रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या एका भाजीवालीने चार फुटी नळी न्याहाळली.

"यातनं काय दिसतं?"

"तारे."

"ते तर आमच्या अंगणातनं दिसतात!"

यावर मुंबईकराने काय बोलावे?

माळावर दोन जाणत्यांनी एक तारा मुद्दाम विस्कटून त्याची वर्तुळे तपासली. माझ्या अकरा महिन्यांचा निकाल त्या दोन मिनिटांत लागायचा होता. "बरा आहे," ते म्हणाले. त्या बिरादरीत याहून मोठी शाबासकी नसते म्हणे.

मग मृगातला तेजोमेघ लावला आणि रांग लागली. सौभाग्यवती रांगेतच उभ्या राहिल्या. मालकिणीचा हक्क सांगितला नाही. पाळी आल्यावर बराच वेळ वाकून पाहिले.

"फोटोतल्यासारखं लाल नाही हो. चूल पेटताना धूर निघतो, तसं दिसतंय."

इतक्या अंधुक उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत, हे मी सांगितले. हा धूर बदामीच्या चालुक्यांच्या काळात तिथून निघाला, हेही सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. पण तिथून हलल्याही नाहीत. मागच्या पोराला म्हणाल्या, "इथे डोळा लाव. नळीला हात नको."

तेव्हापासून रांग त्यांच्या ताब्यात. माझी पाळी पहाटे चारला आली. नळीवर दव साचले होते आणि मृग कलून पनवेलकडच्या उजेडात शिरत होता. मी नेत्रभिंगाशी जेमतेम जुळवून घेतो आहे, तोच मागून आवाज आला, "अहो, एका माणसाने किती वेळ घ्यायचा? अजून दोघं उभी आहेत!"