अण्णांची बादली आणि विलायती खाजकुइली

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. विषय आहे घरच्या घरी करायचं झाडांचं खत. पण खरं सांगायचं तर हा विषय आपल्याकडे सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्या आई-बाबांचाही आहे.

तुमच्याकडे येऊन गेले असतील, किंवा या उन्हाळ्यात येणार असतील. आपण किती तयारी करतो! तिकिटं, मेडिकल इन्शुरन्स, जाड मोजे, त्यांच्या ब्रँडचा चहा. पण सोमवारी सकाळी साडेआठला आपण कामावर आणि मुलं शाळेत गेली की त्या माणसाने संध्याकाळपर्यंत करायचं काय, याची तयारी कोणीच करत नाही. टीव्हीवर मराठी चॅनल लावून दिलं की झालं, असं आपल्याला वाटतं.

आमच्याकडे गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझे सासरे आले. सासूबाई जाऊन चार महिने झाले होते. अण्णा जुन्नर तालुक्यातले, आयुष्यभर टोमॅटो आणि कांदा केलेला माणूस. नारायणगावच्या बाजारात क्रेटवर क्रेट उतरवलेले. इथे रेडिंगला आल्यावर पहिले तीन आठवडे ते खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायचे. विचारलं तर "बरंय की" एवढंच. नातू नऊ वर्षांचा. मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीतून. म्हणजे आजोबा-नातवाचं संभाषण "जेवलास का?" आणि "येस" इथे संपायचं. तुमच्यापैकी अनेकांना हे वेगळं सांगायला नको.

मागच्या अंगणात आम्ही दरवर्षी टोमॅटो, मिरची, मेथी लावतो. तुम्हीही लावत असाल. मी अण्णांना म्हटलं, यंदा आपण जीवामृत करू या. मला वाटलं, शेतकरी माणूस, खूश होतील. ते म्हणाले, "गाय कुठंय?"

तर आधी जीवामृताचंच सांगते, कारण ग्रुपवर दर वसंतात हा प्रश्न येतो. सुभाष पाळेकरांची मूळ कृती एकरभर शेतासाठी आहे: २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. दहा लिटरच्या बादलीचा हिशेब केला तर अर्धा किलो शेण आणि १०० ग्रॅम गूळ. सोपं वाटतं. पण इथे ताजं शेण आणायचं म्हणजे कुठल्या तरी फार्मवरून, आणि त्यात ई-कोलाय असू शकतो. लहान मुलांनी त्यात हात घालणं मला पटत नाही. दुसरी भानगड म्हणजे घोड्याच्या लिदीत किंवा शेणखतात गवतावर मारलेल्या तणनाशकाचा अंश राहू शकतो. अमिनोपायरॅलिड त्याचं नाव. जनावराच्या पोटातून ते तसंच बाहेर येतं, आणि टोमॅटो, घेवडा, बटाटा यांची पानं वळून जातात. ब्रिटनमध्ये २००८ साली यावरून एवढा गोंधळ झाला की त्या औषधाची विक्री काही काळ थांबवली होती. तेव्हा शेण आणणार असाल तर आधी एका कुंडीत घेवड्याचे चार दाणे लावून बघा आणि मगच वाफ्यात घाला.

अण्णांचं मत तर याहून सोपं होतं. "एकोणीस-एकोणीस-एकोणीस आणून टाक की दुकानातनं." त्यांनी आयुष्यभर ठिबकमधून विद्राव्य खतंच सोडली. सेंद्रिय, नैसर्गिक, पारंपरिक या शब्दांचं प्रेम आपल्याला इथे आल्यावर फुटतं, गावाकडे ते सगळ्यांनाच असतं असं नाही.

मग एका शनिवारी चिरंजीव कुंपणामागे बॉल आणायला गेले आणि बोंबलत आले. नेटल! इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना हे झुडूप माहीत असेल, पायवाटांच्या कडेला सगळीकडे असतं. पानांवर बारीक पोकळ काचेसारखे केस, टोचले की आग आग. अण्णा उठून गेले, पान निरखून म्हणाले, "ही तर विलायती खाजकुइली." नातवाने शेजारचं डॉकचं पान तोडून पायावर चोळलं. इथल्या सगळ्या मुलांना हा उपाय येतो. त्याने खरंच काही होतं की नुसतं लक्ष दुसरीकडे जातं, हा वेगळा वाद. पण आजोबांना काहीतरी शिकवायची ती त्याची पहिली वेळ होती. त्याला मराठी शब्द सापडेना, म्हणून त्याने सरळ अण्णांच्या हातावर पान चोळून दाखवलं.

मी सांगितलं की इथले लोक याचं खत करतात, पाण्यात कुजवून. अण्णांनी विचारलं, "नत्र किती?" आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा स्वतःहून बूट घातले.

आता कृती. नेटल मे महिन्यापर्यंत, फुलं येण्याआधी कापा. जाड हातमोजे घाला. रस्त्याच्या कडेचं किंवा तणनाशक मारल्याची शंका असलेलं घेऊ नका. एक किलो पाला कात्रीने तुकडे करून बादलीत दाबा, वर विटेचं वजन ठेवा आणि दहा लिटर पाणी ओता. पावसाचं असेल तर उत्तम. झाकण ठेवा, पण घट्ट नको, कारण आत वायू होतो. मात्र उघडंही नको, डास अंडी घालतात आणि मुलं डोकावतात. दोन-तीन दिवसांनी एकदा ढवळा. दोन ते चार आठवड्यांत फेस येऊन बसतो आणि पाणी काळपट हिरवं होतं. गाळून एकास दहा पाणी मिसळायचं, म्हणजे फिक्या कोऱ्या चहाचा रंग यायला हवा. मुळाशी घालायचं, पानांवर नाही. मेथी, पालक, कोथिंबीर कच्ची खाणार असाल तर विशेष जपा. हात धुवा. उरलेला गाळ कंपोस्टमध्ये.

आणि वास. तो शब्दात सांगता येत नाही, तरी प्रयत्न करते. आठवडाभर बंद राहिलेल्या डब्यातली उसळ, त्यात गटार. आमच्या शेजारच्या ब्रिटिश आजींनी तिसऱ्या आठवड्यात कुंपणावरून अगदी नम्रपणे विचारलं की तुमच्या ड्रेनचं काही झालंय का. बादली घरापासून आणि कुंपणापासून जितकी लांब ठेवता येईल तितकी ठेवा.

याच वासावरून आमच्याकडे एक मोठी चर्चा झाली, आणि मला ती खताहून जास्त आवडली. नातवाने विचारलं, इडलीचं पीठ फर्मेंट होतं तसंच ना हे? अण्णा म्हणाले, "छे. ते आंबतं. हे कुजतंय." मग आंबणं आणि कुजणं यात फरक काय? इंग्रजीत त्याला दोन्ही एकच वाटत होतं. अण्णांनी त्याला स्वयंपाकघरात नेऊन विरजण दाखवलं, पिठाचं भांडं दाखवलं, मग बादलीवर नेलं. इथे वास घे, तिथे वास घे. आंबट वास म्हणजे आंबलं, नाक मुरडलं म्हणजे कुजलं. शास्त्र म्हणून बघितलं तरी अण्णा चुकत नव्हते. साखर किंवा पिष्ट भरपूर असेल तर आंबट करणारे जिवाणू आणि यीस्ट जोर धरतात. प्रथिनांनी भरलेला हिरवा पाला नुसत्या पाण्यात, हवेविना ठेवला की नत्र आणि गंधकाचे घाण वासाचे वायू सुटतात. म्हणून तर नेटलच्या पाण्यात नत्र चांगलं उतरतं. वास हा त्याचाच भाग.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी, म्हणजे दुबई, दोहा, मस्कतच्या बाल्कनीवाल्यांनी, घाबरायचं कारण नाही. तुमच्यासाठी खरोखर आंबवलेला प्रकार आहे. कोरियातल्या नैसर्गिक शेतीतून आलेला, चो हान-क्यू यांच्या पद्धतीतला. पाल्याच्या वजनाइतकी ब्राउन शुगर किंवा चिरलेला गूळ घ्यायचा, थर देऊन बरणीत दाबायचं, तोंडाला कापड बांधायचं आणि सावलीत ठेवायचं. पाणी अजिबात नाही. आठवड्याभरात पाल्याचा रस सुटतो, वास काकवीसारखा, किंचित आंबूस. हा रस अगदी थोडा वापरायचा, साधारण दोन मिली एक लिटर पाण्यात. नेटल मिळत नसेल तर पुदिन्याचे, रताळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडे चालतात. पण हे झाडाचं पूर्ण जेवण आहे असं समजू नका, टॉनिक म्हणा फार तर. बरणीतले जिवाणू पोषण तयार करत नाहीत, पाल्यात जे होतं तेच मोकळं करतात. केळ्याच्या साली रात्रभर भिजवून "पोटॅशियम वॉटर" करण्याचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांच्याबद्दलही माझं तेच म्हणणं. साली कंपोस्टमध्ये टाका.

जूनमध्ये टोमॅटोला फुलं आली आणि अण्णांनी नेटलचं पाणी बंद केलं. "आता युरिया पुरे, नुसता पाला माजेल. पालाश पाहिजे." पालाशसाठी इथे कॉम्फ्री. केसाळ, मोठ्या पानांचं झाड. अण्णांना ते तंबाखूसारखं दिसलं. याची मुळं खोल जातात आणि पानांत पोटॅश भरपूर. बोकिंग १४ नावाचा वाण घ्यावा. लॉरेन्स हिल्स नावाच्या गृहस्थांनी १९५० च्या दशकात एसेक्समधल्या बोकिंग गावी कॉम्फ्रीचे वेगवेगळे प्रकार लावून त्यातून हा निवडला. त्याला उगवणारं बी धरत नाही, म्हणून तो बागभर पसरत नाही. एक इशारा: फुलं नसताना कॉम्फ्री आणि फॉक्सग्लोव्ह यांची पानं सारखी दिसू शकतात, आणि फॉक्सग्लोव्ह विषारी आहे. खात्री नसेल तर तोडू नका. आणि कॉम्फ्री पोटात घ्यायची नाही, भजी वगैरे करायच्या भानगडीत पडू नका.

कॉम्फ्रीला पाणीही लागत नाही. बादलीच्या तळाला भोक पाडा, खाली डबा ठेवा, पानं ठेचून भरा आणि वर वजन. दोन-तीन आठवड्यांत काळा अर्क टपकायला लागतो, वासही बराच कमी. एक भाग अर्काला दहा ते वीस भाग पाणी. फळ धरल्यावर आठवड्याला एकदा टोमॅटो, मिरची, वांग्याला. अण्णांनी त्याचं नाव ठेवलं झीरो-झीरो-पन्नास, ते गावी वापरायचे त्या पोटॅशच्या खताचं. अर्थात पन्नास टक्के त्यात कुठलं असणार, पण नाव टिकलं. "आजोबा, झीरो-झीरो-पन्नास भरलं!" अशी आरोळी रोज संध्याकाळी ऐकू यायची. टोमॅटोच्या बुडाला काळे डाग आले तेव्हा मी आणखी अर्क घालायला निघाले, तर अण्णांनी हात धरला. खताचं नाही, पाण्याचं आहे. कधी कोरडं, कधी चिंब असं झालं की होतं हे. दुसऱ्या दिवसापासून पाणी द्यायची वेळ त्यांनी ठरवली, सकाळी सातची, आणि नातवाला उठवायचं कामही स्वतःकडे घेतलं. तो उठायचा. मी उठवते तेव्हा उठत नाही.

मुलाचं मराठी अस्खलित झालं असं मी सांगणार नाही, झालेलं नाही. फेस, गाळ, ढवळणे, वाफा, माजणे, पालाश, बुरशी असे काही शब्द आले, तेही जुन्नरच्या हेलात. क्रियापदं अजून लंगडतात. पण एका संध्याकाळी भांडी घासताना मला खिडकीतून ऐकू आलं की अण्णा त्याला आजीबद्दल सांगताहेत. टोमॅटोचा भाव पडला होता त्या वर्षी तिने क्रेट परत आणायला लावले आणि सगळ्या गल्लीला वाटले, ही गोष्ट. आमच्यापैकी कोणाशीही ते तिच्याबद्दल बोलले नव्हते. मुलगा बादली ढवळत होता आणि मध्येच विचारत होता, "मग आजी काय म्हणाली?" मी नळ बंद केला.

अण्णा सप्टेंबरअखेर परत गेले. जाताना त्यांना इथल्या टोमॅटोचं बी न्यायचं होतं. मी म्हटलं, नको. हेच उलट बाजूनेही लक्षात ठेवा: भारतातून येताना बियांच्या पुड्या, रोपं, माती बॅगेत घालू नका, वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. आता रविवारच्या व्हिडिओ कॉलवर नातू फोन घेऊन थेट मागच्या अंगणात जातो, झाकण उचलून कॅमेरा आत धरतो. अण्णा तिकडून विचारतात, "वास आला का?" या वर्षीची पहिली बादली मागच्या शनिवारी भरली, ढवळायची जबाबदारी त्याची.

तुमच्याकडे यंदा कोणी येणार असेल तर एप्रिल-मे बरा, नेटल कोवळं असतं. अमेरिकेतल्या मंडळींना नेटल नाही मिळालं तर कापलेलं गवत, फवारणी न केलेलं, असंच पाण्यात घालून बघा. वासाची हमी मी देते. आणि बोकिंग १४ च्या मुळांचे तुकडे आमच्याकडे जास्तीचे निघालेत. बोटाएवढा तुकडा मातीत दोन इंच पुरला की पुरे, पण पहिल्या वर्षी पानं फार तोडू नका. रेडिंगच्या जवळपास असाल तर खाली लिहा, येऊन घेऊन जा. पिशवी आपली आपण आणा.