सूनबाईंचें बंद दार

सुशिक्षित घरांतून हल्लीं मुलामुलींच्या व्यवसायांचा अर्थ एकमेकांस समजावून सांगणें हें एक स्वतंत्र कामच होऊन बसलें आहे. पूर्वीं वकील, मास्तर, कारकून, डॉक्टर एवढीं चारपांच उत्तरें पाठ असलीं कीं लग्नघरच्या पंक्तींत कोणत्याहि प्रश्नास तोंड देतां येत असे. आतां मात्र "आपल्या धाकट्या सूनबाई काय करतात?" असें कोणी विचारलें, तर आमच्या घरांत चार जण चार उत्तरें देतात. थोरल्या वहिनी म्हणतात, "ती वैद्य आहे, पण वैद्यकी करीत नाहीं." थोरले बंधु म्हणतात, "अमेरिकेंतल्या दवाखान्यांची कारकुनी करते." धाकटा नातू सांगतो, "काकू रोगांना नंबर देते." आमची सौभाग्यवती कांहींच सांगत नाहीं; ती पाहुण्यांच्या पानांत आणखी एक पुरणपोळी वाढते आणि प्रश्न तेथेंच मिटतो.

या उत्तरांपैकीं नातवाचें उत्तर सत्याच्या सर्वांत जवळचें आहे. आमच्या सूनबाई बी. ए. एम. एस. झालेल्या. पदवी हातीं आल्यावर त्यांनीं दवाखाना थाटला नाहीं. पुण्यांतील एका कंपनींत त्या 'मेडिकल कोडर' म्हणून लागल्या. अमेरिकेंतील डॉक्टर रुग्ण तपासतो आणि आपलें निदान व उपचार संगणकावर नोंदवितो. रुग्णालयास त्या उपचाराचे पैसे विमा कंपनीकडून मिळावयाचे असतात. परंतु विमा कंपनीचा हिशोब वाक्यांवर चालत नाहीं, तो ठराविक सांकेतिक अंकांवर चालतो. म्हणून प्रत्येक रोगास व प्रत्येक उपचारास नेमून दिलेला संकेतांक लावणारा माणूस मध्यें लागतो. याच नोंदींच्या आश्रयानें दुसरेहि पुष्कळ जण पोट भरतात. कोणी डॉक्टरांचें ध्वनिमुद्रित कथन ऐकून लिहून काढतो, कोणी जुने कागद संगणकांत उतरवितो, कोणी नोंदींतील उणीवा शोधतो, तर कोणी रुग्णालयाच्या सेवकवर्गास ती सारी यंत्रणा वापरावयास शिकवितो.

ही कल्पना आजकालची नव्हे. रोगांस क्रमवार स्थान देण्याचा जो प्रघात आज जगभर चालू आहे, त्याचें मूळ झाक बेर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानें १८९३ सालीं मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादींत आहे. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ती यादी सांभाळूं लागली. पुढें १९६८ सालीं लॉरेन्स वीड नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें एक प्रसिद्ध निबंध लिहून असें प्रतिपादिलें कीं, रुग्णाची वही ही केवळ आठवणींची अडगळ नसावी. रोग्याची तक्रार काय, तपासणींत आढळलें काय, त्यावरून अनुमान काय आणि पुढें करावयाचें काय, अशा क्रमानें ती लिहिली पाहिजे. न्यायशास्त्राचा ज्यास थोडा तरी गंध आहे, त्यास ही रचना परकी वाटणार नाहीं. २००९ सालीं अमेरिकेच्या सरकारनें कायदा करून, संगणकावर नोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरांस व रुग्णालयांस द्रव्यसाहाय्य देऊं केलें आणि कागदाच्या वह्या भराभर मागें पडल्या. १ ऑक्टोबर २०१५ पासून तेथें यादीची दहावी आवृत्ति लागू झाली. रोगांचे संकेतांक तोंपर्यंत सुमारें १४,००० होते. ते एकदम सुमारें ७०,००० झाले.

इतके अंक कशास लागावेत, याचें कुतूहल आम्हां सर्वांसच होतें. सूनबाईंनीं तो जाडजूड ग्रंथ एके दिवशीं जेवणानंतर बाहेर आणून दाखविला. गाय चावली तर एक अंक आणि गाईनें धडक दिली तर दुसरा! पोपट चावल्यास त्याचा निराळा. हात मोडला तर उजवा कीं डावा, हाड कोणतें, आणि रुग्ण पहिल्या उपचारासाठीं आला आहे कीं पुढील तपासणीसाठीं, हें सर्व त्या एका अंकांत आलेंच पाहिजे. शेवटीं त्यांनीं 'झेड ६३.१' हा अंक दाखविला. त्याचा अर्थ, सासरच्या मंडळींशीं संबंधांत अडचण! क्षणभर सगळे गप्प झाले. मग आमची सौ. म्हणाली, "हा नंबर आमच्या घराला अजून लागला नाहीं ना गं?" त्यावर सूनबाईच सर्वांत आधीं हंसल्या.

परंतु थोरल्या बंधूंचा मुद्दा हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. ते म्हणतात, "साडेपांच वर्षें चरक-सुश्रुत वाचून शेवटीं आंकडेच लिहावयाचे, तर शिकलीस कशाला?" ज्या घरांत विद्येस मान आहे, त्या घरांत हा प्रश्न उठणारच. त्याचें उत्तर मला त्या कामाच्या नियमांत सांपडतें.

पहिला नियम असा कीं, जेवढें लिहिलें आहे तेवढेंच घ्यावयाचें. डॉक्टरानें केलें असेल, पण लिहिलें नसेल, तर तें घडलेंच नाहीं असें समजावयाचें. त्याहून सूक्ष्म नियम संशयाचा आहे. बाह्यरुग्ण विभागांत कोणी मनुष्य छातींत दुखतें म्हणून आला आणि डॉक्टरानें 'हृदयविकाराचा संभव' असें लिहिलें, तर कोडरानें हृदयविकाराचा अंक लावावयाचा नाहीं. 'छातींत दुखणें' एवढाच लावावयाचा. कारण संशय हा निश्चय नव्हे. एकदां हृदयविकार म्हणून नोंद झाली कीं ती त्या मनुष्याच्या मागें जन्मभर लागते. पुढचा डॉक्टर ती वाचतो, विमा कंपनी ती वाचते. मीं आयुष्यभर मुलांस संशय आणि निर्णय यांतील भेद शिकविला, तो उदाहरणें देऊन देऊन. येथें तो भेद चुकला, तर कोणा परक्या माणसाच्या कपाळीं नसलेला रोग लिहिला जातो. आणि मोठा अंक लावला तर रुग्णालयास पैसा अधिक मिळतो, हा मोहहि तेथें उभाच असतो. तो मोह टाळणें यास मी कारकुनी म्हणणार नाहीं.

दुसरा नियम अक्षराचा. 'हायपोथायरॉइड' आणि 'हायपरथायरॉइड' या दोन शब्दांत ऐकतांना फरक किती? पण एकांत कंठस्थ ग्रंथीचा स्राव कमी, दुसऱ्यांत अधिक. औषधें एकमेकांच्या उलट. संस्कृत शिकलेल्या वाचकांस येथें 'इंद्रशत्रु' शब्दाची कथा आठवल्यावांचून राहणार नाहीं. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्यानें मंत्र म्हटला. पण स्वर चुकला, समास पालटला, आणि इंद्र ज्याला मारील असा वृत्र जन्मास आला. स्वराच्या एका चुकीनें जीव जातो, ही गोष्ट आम्ही शाळेंत कथा म्हणून सांगत होतों. सूनबाईंच्या कामांत ती रोजचा व्यवहार आहे.

तिसरा नियम विचारण्याचा. आपले जुने पोथीलेखक पोथीच्या शेवटीं लिहीत असत कीं, जसें दिसलें तसें उतरलें, दोष माझा मानूं नये. या सबबीखालीं कित्येक चुका पिढ्यान् पिढ्या उतरत गेल्या, आणि शुद्ध पाठ ठरविण्यासाठीं भांडारकर संस्थेसारख्या ठिकाणीं विद्वानांस अनेक दशकें खपावें लागलें. संगणकानें हा दोष घालविला नाहीं, वाढविला. कालची नोंद आज बोटाच्या एका दाबानें जशीच्या तशी चिकटवितां येते, आणि बरा झालेला ताप कागदावर तसाच चढलेला राहतो. अशा वेळीं 'जसें दिसलें तसें उतरलें' असें म्हणून कोडरास सुटतां येत नाहीं. त्यानें डॉक्टरास प्रश्न धाडला पाहिजे. मात्र प्रश्नांत उत्तर सुचवितां कामा नये. 'हा मधुमेहच ना?' असें विचारणें निषिद्ध. 'या लक्षणांचें कारण स्पष्ट करावें' असें विचारणें योग्य. चांगला परीक्षक मुलास असाच प्रश्न विचारतो.

म्हणून साडेपांच वर्षांचें शिक्षण फुकट गेलें असें मला वाटत नाहीं. शरीररचना ज्यास ठाऊक नाहीं, त्यास डॉक्टरानें सोडलेली जागा दिसणारच नाहीं. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून रोगांच्या जागतिक यादीची अकरावी आवृत्ति अमलांत आली आहे, आणि जानेवारी २०२४ मध्यें आयुर्वेद, सिद्ध व युनानी या शास्त्रांच्या निदानांसाठींहि तींत जागा करून देण्यांत आली. आपल्या देशांतहि २७ सप्टेंबर २०२१ रोजीं आरोग्याच्या डिजिटल योजनेचा देशभर आरंभ झाला असून, नागरिकांस त्यासाठीं चौदा अंकी क्रमांक दिला जातो. आयुर्वेद आणि संकेतांक या दोन्ही भाषा जाणणारीं माणसें उद्यां आपल्याच रुग्णालयांस हवीं होतील.

या कामाची दुसरी बाजूहि पालकांनीं पाहिली पाहिजे. दिवसाला अमुक नोंदी हातावेगळ्या झाल्याच पाहिजेत असा दंडक असतो. शंभरांत पंचाण्णव अचूक असाव्यात अशी अपेक्षा बहुतेक ठिकाणीं असते. डोळे शिणतात, पाठ धरते. थोड्या आठवड्यांत नोकरीची हमी देणारे शिकवणीवर्ग जागोजाग निघाले आहेत. त्यांचीं आश्वासनें जपून घ्यावींत. अमेरिकन संस्थेची जी एक मान्यवर परीक्षा आहे तींत चार तासांत शंभर प्रश्न सोडवून सत्तर टक्के गुण मिळवावे लागतात, आणि संकेतांकांचीं पुस्तकें जवळ बाळगण्याची मुभा असते. पुस्तक उघडें असतांहि विद्यार्थी नापास होतात, यावरूनच ती परीक्षा स्मरणशक्तीची नव्हे, विवेकाची आहे हें कळेल. हल्लीं यंत्रेंहि अंक सुचवूं लागलीं आहेत. जो केवळ अंकच शिकला त्याच्यावर यंत्र मात करील. यंत्राचें उत्तर तपासण्याइतकें ज्यास शास्त्र येतें, त्याची गरज अजून संपलेली नाहीं.

आतां राहिला शेवटचा नियम, आणि तो एकत्र कुटुंबास सर्वांत अवघड. २०२० सालीं करोनाच्या सांथींत सूनबाईंचें काम घरीं आलें तें पुष्कळसें घरींच राहिलें. रुग्णाची माहिती इतर कोणास दिसतां कामा नये, असा अमेरिकेचा १९९६ चा कायदा आहे, आणि करारानें तो पुण्यांत बसून काम करणारांसहि बांधतो. त्यामुळें माडीवरच्या खोलीचें दार आठ-नऊ तास बंद राहूं लागलें. आमच्या घरांत दिवसा दार लावण्याची चाल नव्हती. आलेलें पत्र सर्वांनीं वाचावें, पगाराचा आंकडा सर्वांस ठाऊक असावा, अशी आमची रीत. "घरच्या माणसांपासून काय लपवायचं?" असें वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजांत दुखावल्याची छटा होती. नातवास त्या खोलींत जाण्याची बंदी झाली. सणाच्या दिवशींहि दार ठराविक वेळेआधीं उघडलें नाहीं.

एका संध्याकाळीं सूनबाई खालीं आल्या त्या ओढलेल्या चेहऱ्यानें. पान पुढें आलें, पण घास जाईना. कोणा तरी अनोळखी माणसाची वही त्यांनीं त्या दिवशीं वाचली असावी. तो कोण, त्यास काय झालें, हें विचारण्यासाठीं वहिनींनीं तोंड उघडलें. पण आमच्या सौ.नें त्यांच्या हातावर हात ठेवला. तिनें मऊ भात कालवून त्यावर तूप सोडलें, वाटी सूनबाईंपुढें सरकविली आणि दुसऱ्याच कसल्याशा गोष्टी सुरू केल्या. जेवण उरकल्यावर वहिनींनीं आपण होऊन सूनबाईंचें पान उचललें. त्या दिवसानंतर "काय लपवायचं?" हा प्रश्न आमच्या घरांत पुन्हां निघाला नाहीं.

वैद्याचें कर्तव्य सांगतांना आपल्या प्राचीन आचार्यांनीं रोग्याच्या घरांतील गोष्ट बाहेर सांगूं नये असें बजावून ठेवलें आहे. रोग्याचें घर सातासमुद्रांपलीकडे असलें म्हणून तें कर्तव्य कांहीं पातळ होत नाहीं. फरक इतकाच कीं, पूर्वीं तें एकट्या वैद्याचें होतें. आतां वैद्य ज्या घरांत बसून काम करतो त्या साऱ्या घराचें झालें आहे. सूनबाईंनीं मौन पाळावें, आणि तें त्यांस पाळतां यावें म्हणून आपण कुतूहल आवरावें, ही वांटणी आहे. ज्या घरास ती साधेल, त्यानें आपल्या मुलीसुनांस हा व्यवसाय खुशाल करूं द्यावा. ज्यास ती साधत नसेल, त्यानें पगार किती हें विचारण्यापूर्वीं आपल्या माडीवरच्या खोलीची कडी नीट लागते कीं नाहीं, तेवढें पाहून घ्यावें.