टेपपट्टी घेऊन लॅमिंग्टन रोडला

मैत्रिणींनो, मुंबईत साडीला दादर, दागिन्यांना झवेरी बाजार आणि भांड्यांना तांबाकाटा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण टी. व्ही., स्पीकर, रिमोट, वायरी यांचा बाजार म्हटलं की आपण पिशवी यजमानांच्या हातात देतो आणि मोकळ्या होतो. हा बाजार म्हणजे लॅमिंग्टन रोड. तिथे बायका कमी दिसतात. वास्तविक टी. व्ही. लागतो आपल्या खोलीत, पुसतो आपण, आणि त्याच्यासमोर दिवसभर असतं घरातलं म्हातारं माणूस. तेव्हा या रस्त्याची आणि या खरेदीची थोडी ओळख करून देते.

आमचा जुना डबा टी. व्ही. दिवाळीनंतर कायमचा मिटला. नव्यासाठी माझ्या भिशीचे तीस हजार होते, दोन वर्षं साठवलेले. 'ह्यां'ना रजा नव्हती म्हणून मी जाऊबाईंना बरोबर घेतलं. घरात मुख्य प्रश्न सासूबाईंचा. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, कान जड, आणि त्यांचा दिवाण खिडकीखालच्या भिंतीला, म्हणजे टी. व्ही.ला अगदी तिरपा. गुडघ्यांमुळे बाहेर पडणं नाही. टी. व्ही. सगळ्यांत जास्त बघणार त्या, आणि दुकानात येऊ न शकणाऱ्याही त्याच. त्यांच्या जागेवरून जो नीट दिसेल-ऐकू येईल तोच घ्यायचा, असं आम्ही निघण्याआधीच ठरवलं.

त्यासाठी पहिलं काम घरीच करा. सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. टी. व्ही.चे इंच हे पडद्याच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरपे मोजतात, हे लक्षात ठेवा. त्रेचाळीस इंची पडदा तीन फुटांहून थोडा जास्त रुंद आणि पावणेदोन फूट उंच भरतो. पंचावन्न इंची चार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच. बसायचं अंतर या तिरप्या मापाच्या साधारण दीडपट ते अडीचपट ठेवावं. म्हणजे त्रेचाळीस इंचीला साडेपाच ते नऊ फूट झालं. पंचावन्न इंचीला निदान सात फूट हवेत. आकड्यांनी डोकं फिरत असेल तर जुनी वर्तमानपत्रं त्या मापाची जोडून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. कपाटाचं दार अडतं का, खिडकीचा उजेड नेमका तिथे पडतो का, सगळं आपोआप कळतं. पडद्याचा मध्य बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत यावा. पुष्कळ घरांत टी. व्ही. देव्हाऱ्यासारखा उंच टांगतात आणि मग मानदुखीवर बाम चोळत बसतात!

आता रस्त्याकडे वळू. मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धिमी गाडी धरावी आणि ग्रँट रोडला उतरावं. पश्चिमेला गेलात तर प्रसिद्ध भाजी गल्ली लागेल. तिथे शिरलात तर टी. व्ही. राहील बाजूला! पूर्वेला बाहेर पडून थोडं चाललं की आलाच लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात लॉर्ड लॅमिंग्टन मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं हे नाव. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण टॅक्सीवाल्याला जुनंच नाव सांगा, चटकन कळतं.

एके काळी हा रस्ता सिनेमा थिएटरांचा. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ, इंपिरियल, स्वस्तिक ही नावं आपल्या आयांच्या तोंडी असत. १९७५ साली लागलेला 'शोले' मिनर्व्हाला पाच वर्षांहून अधिक काळ चालला. आज ते मिनर्व्हा उरलेलं नाही. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी सिनेमा घरात येऊ लागला, आणि ज्यांच्याकडे संच असे त्यांच्या घरी आळीतली माणसं चपला दाराबाहेर काढून बसत. १९८२ साली पडद्याला रंग आले. त्या वर्षी दिल्लीला एशियाड होतं. संचाला सरकारी परवानाही लागे, तो १९८५ साली रद्द झाला. ज्या रस्त्यावर माणसं सिनेमाला जात, त्याच रस्त्यावरून ती आता घरचा पडदा नेतात. गंमत आहे की नाही?

रस्ता दाटीवाटीचा. जुन्या इमारतींच्या खाली हातभर रुंदीची दुकानं, आणि त्यांत वायरींची भेंडोळी, रिमोटच्या माळा, कॅमेरे, सुट्टे भाग. फूटपाथवर खोकी. एखादा पोरगा डोक्यावर टी. व्ही.चं खोकं घेऊन "बाजू, बाजू" करत जातो. पर्स पुढे धरा आणि पायांत सपाट चप्पल घाला.

पहिल्या दुकानात आमच्याकडे पाहून विचारणा झाली, "साहेब आले नाहीत का?" जाऊबाई म्हणाल्या, "साहेब कचेरीत आहेत. टी. व्ही. आम्हाला बघायचाय." तरी त्यांनी पंचावन्न इंचीच पुढे केला, हप्त्यांचा कागद काढला, आणि "घरी साहेबांना विचारून या" म्हणाले. आम्ही उठलो. दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आधी विचारलं, "बहेनजी, बैठने की जगह कितनी दूर है?" तिथे आम्ही बसलो. हा प्रश्न विचारणारा दुकानदार भेटला की समजा, बोलणं सरळ होणार.

दुकानात काय बघायचं ते सांगते. तिथे सगळे संच झगझगीत दिसतात, कारण पुष्कळदा ते दुकानासाठीच्या भडक मांडणीवर लावलेले असतात. "घरच्या मोडवर करा" म्हणून सांगा. मग बातम्या लावायला लावा आणि निवेदिकेचा चेहरा बघा. चेहरा टोमॅटोसारखा लाल नको आणि हळद लावल्यासारखा पिवळाही नको. समुद्र आणि पोपट तर सगळ्यांवरच सुंदर दिसतात.

त्यानंतर उठून बाजूला जा. मी दुकानाच्या कोपऱ्यात, सासूबाईंच्या दिवाणाइतकी तिरपी उभी राहिले. एका संचावरचे रंग तिथून फिकट पडले, शेजारच्यावर तसेच राहिले. म्हाताऱ्या गृहस्थांनी कारण सांगितलं. पहिला व्ही. ए. जातीचा. त्यात समोरून काळा रंग छान गडद दिसतो, पण बाजूने चित्र उतरतं. दुसरा आय. पी. एस. त्यात काळा थोडा करडा वाटतो, पण बाजूने रंग फारसे बदलत नाहीत. चार माणसं चार कोपऱ्यांत बसणाऱ्या खोलीला दुसरा बरा. ओलेड नावाच्या पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे काळा खरा काळा आणि बाजूनेही चित्र चांगलं. किंमत मात्र बरीच चढी. क्यूलेड हे नाव त्याच्यासारखं ऐकू येतं, पण त्यात मागून एल. ई. डी.चाच उजेड असतो आणि रंग खुलवणारा एक थर असतो. नावाला भुलून ओलेडच्या आशेने क्यूलेड घेऊ नका.

'फोर के' म्हणजे साध्या फुल एच. डी.च्या चौपट ठिपके. पण आपल्या डबीतून वाहिनी साधी येत असेल तर चौपट ठिपक्यांनी ती चौपट स्पष्ट होत नाही.

आवाजाची परीक्षा बाकीचे संच बंद करवून घ्या. पातळ संचांत स्पीकर लहान, बहुधा तोंड खाली केलेले. गाणं ठीक वाटतं, संवाद पुटपुटतात. जड कानाच्या माणसासाठी वेगळ्या साउंडबारचे पैसे राखून ठेवा. मागे एच. डी. एम. आय.ची भोकं किती तेही मोजा. डबी आणि साउंडबारला एकेक, आणि एखादं शिल्लक हवं. रिमोट हातात धरून बघा, बटणं चष्म्याशिवाय सापडतात का?

विजेचा हिशेब अवघड नाही. ऐंशी वॅटचा संच रोज पाच तास चालला तर महिन्याला बारा युनिटं. खोक्यावर ताऱ्यांची पट्टी असते, तिच्यावर वर्षाचं युनिट छापलेलं असतं. दोन संचांची तुलना त्यावरून करा. २२ सप्टेंबर २०२५पासून बत्तीस इंचांवरच्या संचांचा जी. एस. टी. अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या किमतीवर 'खास सूट' सांगितली तर बिल नीट वाचा. पक्कं बिल, त्यावर संचाचा क्रमांक, पडद्याची हमी किती वर्षं, आणि दुरुस्ती केंद्र आपल्या गावात आहे का, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय पैसे मोजू नका. खोकं उभंच न्यायचं, आडवं नाही. घरी पोचवणाऱ्या माणसासमोर ते उघडून, लावून, तडा किंवा मेलेला ठिपका नाही ना हे पाहायचं.

जुना डबा टी. व्ही. भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं. बदली योजनेत द्या किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात.

आम्ही त्रेचाळीस इंची आय. पी. एस. घेतला, आणि छोटा साउंडबार धरून रक्कम भिशीत बसली. सासूबाईंनी दिवाणावरून पहिल्या संध्याकाळी बातम्या ऐकल्या आणि म्हणाल्या, "हिची साडी हिरवी आहे होय! मला आपली निळी वाटायची." एवढ्यावरच टेपपट्टी वसूल झाली म्हणायची.

आणि हो, जाताना भिंतीचं माप लिहिलेला कागद पर्समध्ये टाका. रविवारी मात्र जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.