पांढरं सोनं, पिवळं सोनं

पांढरं सोनं म्हटलं की माझ्या पिढीच्या माणसाला अजून कापूस आठवतो. विदर्भातल्या काळ्या जमिनीत पिकणारं, भूगोलाच्या पुस्तकात एक ओळ आणि परीक्षेत दोन मार्क मिळवून देणारं पांढरं सोनं. ते बोटात घालता येतं ही माहिती मला एकसष्टाव्या वर्षी मिळाली, आणि तीही चिरंजीवांचा साखरपुडा ठरला म्हणून. साखरपुड्यात मुलीची अंगठी आपण करायची, एवढं आम्हाला ठाऊक होतं. ती हिऱ्याची करायची, हे चिरंजीवांनी ठरवलं. आणि ती पांढरी हवी, हे होणाऱ्या सूनबाईंनी. म्हणजे त्या आम्हाला काही बोलल्या नाहीत. त्या चिरंजीवांना बोलल्या, चिरंजीव सौ.ला बोलले, सौ. मला बोलली, आणि माझ्यापर्यंत निरोप पोचायच्या आत पलीकडच्या खोलीतल्या आईने तो ऐकलेला होता.

आईने ऐंशी ओलांडली आहे. तिला ऐकू कमी येतं, पण सोनं, लग्न आणि कुकरच्या शिट्ट्या हे तीन विषय भिंतीपलीकडूनही स्वच्छ ऐकू येतात.

"पांढरी अंगठी? म्हणजे चांदीची?"

"चांदीची नव्हे गं. प्लॅटिनमची. नाहीतर व्हाइट गोल्डची."

"म्हणजे चांदीच," आईने निकाल दिला.

आता इथे मला आईची बाजू घेणं भाग आहे. अठराव्या शतकात दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांच्या वाळूत सोनं शोधणाऱ्या स्पॅनिश लोकांना सोन्याबरोबर एक पांढरा, वितळता न वितळणारा धातू सापडे. त्यांनी त्याला 'प्लॅटिना' म्हटलं. प्लॅटिना म्हणजे छोटी चांदी. नाव ठेवलं आणि नावंही ठेवली. तेव्हा मुलुंडच्या दोन खोल्यांत बसून आमच्या आईने जे सांगितलं, ते स्पॅनिश लोकांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

पहिली टेहळणी म्हणून आम्ही मायलेक पाच रस्त्याजवळच्या एका दुकानात गेलो. काउंटरवर टाय लावलेला एक तरुण मुलगा होता. पूर्वी सोनार धोतर नेसून मांडी घालून बसायचा आणि गिऱ्हाइकाकडे चष्म्याच्या वरून बघायचा. हल्ली तोच आपल्याला खुर्ची देतो, पाणी देतो आणि आपण काय घेणार हे सोडून बाकी सगळं विचारतो. मुलाने व्हाइट गोल्ड समजावून सांगितलं. सोनं मुळात पांढरं नसतंच. हिऱ्याच्या दागिन्याला बहुधा अठरा कॅरेट घेतात, कारण बावीस कॅरेट मऊ पडतं आणि हिऱ्याची पकड ढिली होते. अठरा कॅरेट म्हणजे शंभरात पंचाहत्तर भाग सोनं. उरलेल्या पंचविसात पॅलेडियम, निकेल, चांदी असं काहीबाही घातलं की पिवळेपणा फिका पडतो. तरी थोडी झाक राहते, म्हणून वरून ऱ्होडियमचा मुलामा देतात. तो वापराने झिजतो. मग एकदोन वर्षांनी पुन्हा द्यायचा.

आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आमच्या वेळी पितळेवर सोन्याचा मुलामा देऊन लोकांना फसवायचे. आता सोन्यावर मुलामा देऊन कोणाला फसवायचं?"

मुलाने टाय सैल केला आणि घाईघाईने पिवळ्याकडे वळला. "पिवळ्यात घ्या ना आजी. यात अठरा आहे, आणि बजेटमध्ये चौदासुद्धा आहे. चौदाची आता फॅशनच आहे."

त्याला काय माहीत! चौदा हा आकडा आमच्या घरात उच्चारत नाहीत. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणलं आणि चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. चौदा म्हणजे शंभरात जेमतेम अठ्ठावन्न. ही मर्यादा १९६६ साली उठली. आईचं लग्न बरोबर मधल्या फटीत, १९६३ च्या मे महिन्यात. तिची लग्नातली अंगठी चौदाची आहे. डब्यात आहे. बोटात कधी पाहिलेली नाही.

"परत आलं होय ते?" आई उठता उठता म्हणाली. जुलै २०२५ पासून नऊ कॅरेटच्या दागिन्यांनाही हॉलमार्क मिळू लागला आहे, ही बातमी मी वाचली होती. घरी ते वर्तमानपत्र मी रद्दीत खाली घातलं.

खरी खरेदी घाटकोपरला ठरली. सूनबाईंचं ऑफिस अंधेरीला. मेट्रोने त्या घाटकोपरला उतरणार, आम्ही मुलुंडहून रिक्षाने जाणार. एल.बी.एस. मार्गावर रिक्षा भांडुपला थांबली, कांजूरला थांबली, विक्रोळीला तर बंदच पडली, आणि तेवढ्या वेळात आईने सोन्याचा भाव तीनदा काढला. ती लग्न होऊन आली तेव्हा दहा ग्रॅम शंभर रुपयांच्या आसपास होतं, २०२५ साली ते लाखाच्या पुढे गेलं. प्लॅटिनमची गोष्ट निराळी. २००८ च्या सुरुवातीला ते सोन्याच्या जवळजवळ दुप्पट भावाने विकलं जात होतं. पुढे बाजार उलटा फिरला आणि गेली काही वर्षं सोनंच महाग आहे. हे मी आईला आनंदाने सांगितलं. "म्हणजे पडणारी वस्तू घ्यायची," ती म्हणाली.

दुकानात सूनबाई आधीच येऊन बसल्या होत्या. वाकून नमस्कार झाला. आईने सरळच विचारलं, "पांढरीच का गं?"

"आजी, मला रोज घालायची आहे. साडेआठच्या गर्दीत पिवळी अंगठी घातली की सगळा प्रवास मूठ आवळून करावा लागतो. पांढरी घातली तर लोकांना स्टीलची वाटते. कुणी बघतही नाही."

एवढे पैसे खर्चून स्टीलची वाटेल अशी वस्तू घ्यायची, या विचाराने आमच्या आईसारखी बाई क्षणभर निःशब्द झाली. पण आयुष्यभर लोकलने फिरलेली बाई ती. मुद्दा तिला पटला होता, आणि पटल्याचा राग आला होता.

मालकांनी प्लॅटिनमची अंगठी आईच्या तळहातावर ठेवली. तिने हात वरखाली केला. प्लॅटिनम सोन्याहूनही जड. अठरा कॅरेटची तीच अंगठी त्यापुढे हलकी लागते. "वजनदार आहे हो!" मग कळलं की ही पंचाण्णव टक्के शुद्ध. बावीस कॅरेट सोनं म्हणजे एक्याण्णव पॉइंट सहा. आईने मनातल्या मनात वजाबाकी केली, आणि मला वाटलं, जिंकलो.

"अडचणीला गहाण ठेवता येईल ना?"

दुकान गप्प झालं. मालक म्हणाले, "आजी, ही प्रेमाची वस्तू आहे."

"असू दे की. पण अडचणीला?"

आता यावर काय बोलणार? 'सोनेतारण' हा शब्द मराठीत आहे, बँकेच्या पाटीवर आहे, को-ऑपरेटिव्ह सोसायटीच्या कॅलेंडरवरही आहे. 'प्लॅटिनमतारण' हा शब्द मी अजून कुठे वाचलेला नाही. मालकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, परत घेताना आम्ही घेऊ, घट कापून घेऊ, पण गल्लीतला सोनार घेईलच असं नाही. त्याच्या भट्टीत ती वितळणारही नाही. सोन्याला हजार चौसष्ट अंश सेल्सिअस पुरतात, हिला सतराशे अडुसष्ट लागतात.

तेव्हा आईने पिशवीतून रुमाल काढला. त्यात दोन वेढण्या होत्या. गुरुपुष्याला किंवा दसऱ्याला, वडिलांचा बोनस हातात आला की ती एक वेढणी घ्यायची. अकरा झाल्या होत्या. वडील परळच्या गिरणीत कारकून. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगार थांबला. "दोन महिन्याला एक जायची," आई सूनबाईंना सांगत होती, भाजीचा भाव सांगावा तशी. "आधी गहाण, मग सोडवायला नाही जमलं की मोड. याची कॉलेजची फी तिसरीतून भरली. या दोन उरल्या. या तुझ्या अंगठीत घालायच्या मनात होत्या. पण तुझ्या त्या पांढऱ्यात या कशा जाणार?"

सूनबाईंनी वेढण्या हातात घेतल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. मालकांनी तेवढ्यात एक हिरा काढून मध्यममार्ग सुचवला. हिऱ्याच्या रंगाची बाराखडी इंग्रजी डीपासून सुरू होते आणि झेडपर्यंत जाते. जितकं पुढचं अक्षर तितकी पिवळी झाक. जे अक्षराचा हिरा पिवळ्या सोन्यात पांढरा दिसतो, पांढऱ्या धातूत मात्र त्याची झाक उघडी पडते. शिवाय वरचं अक्षर महाग. खिशाच्या दृष्टीने हा युक्तिवाद मला फारच शास्त्रीय वाटला आणि मी मान डोलावली. सौ.ने टेबलाखालून पाय दाबला.

"आजी," सूनबाई म्हणाल्या, "हिरा लहान घेऊ, पण अंगठी पांढरीच करू. ती मी कधी मोडणार नाही, मग गहाण कशाला ठेवेन? आणि या वितळवू नका. एक मला अशीच द्या. अडचणीला ती असू दे."

"एक कशाला? दोन्ही घे."

"दुसरी तुमच्याकडे राहू दे. तुम्हालाही अडचण येऊ शकते."

आईने तिच्याकडे नीट बघितलं. मला वाटतं लग्न त्या क्षणी ठरलं. पत्रिका वगैरे आधी झालं होतं ते उगीच.

मग प्लॅटिनमचं माप घेतलं, बारा नंबर. मजुरीवर आईने वीस मिनिटं घासाघीस केली आणि मालकांनी शेवटी हात जोडले. वेढणी सूनबाईंच्या बोटाला सैल होत होती, ती त्यांनी तिथल्या तिथे दोन बोटांनी दाबून बरोबर बसवून दिली. त्याचे पैसे घेतले नाहीत. प्लॅटिनमचं माप चुकलं तर मात्र अंगठी कारखान्यात पाठवावी लागेल आणि दहा दिवस लागतील, हे त्यांनी आम्हाला दारापर्यंत येऊन दोनदा बजावलं.