सराफ्याची रात्र, गिरणीची पहाट

इंदुरास आलेल्या पाहुण्याला राजवाडा दाखवून झाला, की यजमान त्याला हमखास सराफ्यात नेतो. होळकरांच्या सातमजली राजवाड्याला लागूनच ही गल्ली आहे. दिवसभर येथे सोन्याचांदीचे व्यवहार चालतात. रात्री पेढ्या बंद झाल्या, की त्यांच्याच ओट्यांवर शेगड्या पेटतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गल्लीत पाऊल ठेवायला जागा उरत नाही. भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी, दहीवडे, थंडीच्या दिवसांत तळलेल्या गराडूवर भुरभुरलेले जिरावण आणि ताटलीएवढी जिलबी! पुण्या-मुंबईचे आप्त हे वैभव पाहून थक्क होतात, आणि आपणही ते आपल्याच घरचे असल्याप्रमाणे मिरवतो.

सकाळ उजाडते ती पोह्यांनी. वाफेवर गरम राखलेले पोहे, वर शेव, कांदा, जिरावण आणि सोबत जिलबी. पोहे ही माळव्याला मराठी माणसाची देणगी, असे आपण अभिमानाने सांगतो. पण हे शहर ज्या काळी असे खात असे, त्या काळी ते कसे राबत असे, हेही पाहिले पाहिजे. त्यासाठी सराफ्यातून निघून मालवा मिलच्या चौकात यावे लागेल.

मालवा, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी, कल्याणमल ही नावे ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना या भागाची जुनी पहाट आठवत असेल. भोंगा झाला, की परदेशीपुरा आणि नंदानगरच्या गल्ल्यांतून माणसांचा लोंढा पायी वा सायकलवर गिरण्यांकडे वाहू लागे. माझे वडील यांतल्याच एका गिरणीत साचेखात्यात होते. घर ते गिरणी दीड मैल, जाऊन-येऊन तीन. मधले आठ तास साच्यापुढे उभे राहून काढायचे. पहिली पाळी सुटल्यावर ते कधी जिलबीचा पुडा घेऊन येत, आणि आम्हा भावंडांआधी त्यातला मोठा वाटा तेच संपवीत. ते चौऱ्याऐंशी वर्षे जगले.

हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. इतर गिरण्यांचे भोंगेही एकेक करून थांबले. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या मात्र अजून निघतात, आणि रस्त्याच्या दुतर्फा लोक त्या पाहायला रात्र जागवतात. आपल्या ताटाचेही असेच झाले आहे. ज्या श्रमांच्या आधारावर ते वाढले जात होते, ते श्रम गेले. ताट तेवढे राहिले. उलट त्यात भरच पडली. शेवेचा डबा दूरदर्शन संचापाशी आला आणि सराफ्याची रात्र मोटारीतून येऊन मोटारीतूनच परतू लागली.

माझा धाकटा भाऊ हिशेबनीस होता. दिवसाचे दहा तास खुर्चीत जात. न्याहारी वडिलांचीच होती, जोडीला तंबाखू होती. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराच्या पहिल्याच झटक्यात तो गेला. एका घराच्या अनुभवावरून सिद्धांत मांडू नये, हे मी जाणतो. अशा दुखण्यांत वयाचा आणि आनुवंशिकतेचाही वाटा असतो. पण वय आणि कुळ यांपुढे आपला इलाज नाही. ताट, तंबाखू आणि खुर्ची यांपुढे आहे.

शास्त्राचे सांगणे फारसे गूढ नाही. चालणारा, राबणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो. तो निष्क्रिय राहिला आणि पोटाभोवती मेद साचला, की इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो व साखर रक्तातच रेंगाळते. आपल्या भारतीयांत हे बेताच्या वजनावरही घडते. म्हणून काट्याइतकेच लक्ष कमरेच्या घेराकडे हवे. पुरुषांत तो ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ओलांडला, तर सावध व्हावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख आहेत, आणि त्या उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटी ६० लाख.

मिठाची गोष्टही अशीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमहून, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून, कमी मीठ खावे. शेव, पापड, लोणचे आणि जिरावण एकाच पानात आले, तर भाजी-आमटीच्या मिठासाठी जागा किती उरते, हा हिशेब गृहिणींनीच करून पाहावा. रक्तदाब वाढला तरी बहुधा काहीच दुखत नाही. तो मोजावाच लागतो.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयी अशा सुटतात काय? त्याचे उत्तर इंदूरनेच देऊन ठेवले आहे. स्वच्छ सर्वेक्षणात या शहराने २०१७ पासून सलग सात वेळा पहिला क्रमांक मिळविला. त्यासाठी घराघरांत ओला कचरा वेगळा आणि सुका कचरा वेगळा ठेवायला लोक शिकले. सुरुवातीला कुरकुर झालीच, पण सगळी आळीच तसे करू लागल्यावर ती विरली. एकट्याने पथ्य पाळणे जड जाते. घराने, शेजाराने मिळून पाळले, की त्याचे ओझे वाटत नाही. आमच्या शाळेतील मुले या कामी मोठ्यांपेक्षा तत्पर असतात, हे मी पाहिले आहे.

सराफा ओस पडावा असे मला मुळीच वाटत नाही. पोहे घरी मटार-शेंगदाणे घालून, शेव चिमूटभर ठेवून करता येतात. माळव्याची जुनी ज्वारीची भाकरी आठवड्यातून चार दिवस पानात येऊ शकते. आठवड्याला दीडशे मिनिटे झपझप चालणे पुरेसे सांगितले आहे. सिरपूरच्या तळ्याकाठी पाखरे पाहता पाहता ती सहज भरतात. आणि पुढल्या खेपेस पाहुणे आले, तर त्यांना सराफ्यात जरूर न्यावे. मात्र रामबागेतून पायी न्यावे, एक जिलबी चौघांत घ्यावी, आणि परततानाही रिक्षा करू नये.